एकट्यापुरता पडदा

हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी सिनेमे विकत घ्यावेत का, असं मला कुणी विचारलं तर मी तडक नाही म्हणेन. एका चकतीवर एकच सिनेमा. ती चकती टीव्हीला चालत नाही, दुसऱ्या कुठल्या यंत्रात शिरत नाही, भाड्यानं मिळत नाही. पडदा एवढासा, की एकानं पाहायला घेतलं तर दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवावी. ही यंत्रं आली त्या दिवसांत आमच्या अमरावतीत सीडी भाड्यानं मिळायची आणि एका सीडीवर आख्खी गल्ली सतरंजी टाकून बसायची. हे सगळं मी इनायतभाईंना स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढची चकती कधी येते त्याची वाट पाहत बसले.

इनायतुल्ला म्हणजे आमच्या घरासमोरचे गादीवाले. जात पिंजाऱ्याची, धंदा वडिलोपार्जित. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या बाजूला रुई पिंजायचं यंत्र, पुढे फळ्यांची बैठक, तिच्यावर बसून ते आणि त्यांची बायको रजियाबी रजयांना टाके घालायचे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते तेव्हापासून आमच्या गाद्या त्यांच्याकडेच. त्यांचा एक कायदा होता. जुनी गादी उसवायची तर मालक समोर बसला पाहिजे. लोक गादीत काय काय खुपसून ठेवतात आणि विसरतात! अंगठ्या, नोटा, एकदा तर कुणाचा तरी कुंकू लावलेला फोटो निघाला. मालक आला नाही तर गादी तशीच कोपऱ्यात पडून राहायची, पण इनायतभाई दाभण लावायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, मला वेळ नाही, उसवा तुम्ही." तर म्हणाले, "बाई, तुमाले वेळ नाई तं गादीलेबी घाई नाई."

मी सांगते आहे ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपरच्या पहिल्या पानावर रोज नवं गाव असायचं, आणि ते कशासाठी छापलंय हे वाचायची गरज नसायची. खेड्यातली लग्नं आवरती झाली, आणि लग्नात मुलीला द्यायच्या गाद्या-रजया पहिल्यांदा कापल्या गेल्या. तेल्हाऱ्याकडून दिवाळीनंतर टेम्पो भरून मागणी यायची, ती एका हंगामात थांबली ती थांबलीच. ज्यांना परवडत होतं ते फोमकडे गेले. मागचं यंत्र आठवडा आठवडा चालू होईना. मुलगा सरफराज वायरमनचं काम शिकला होता. तो दुबईला गेला. तो गेल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात रजियाबी गेल्या. मातीला सरफराज येऊ शकला नाही. त्याची सुट्टी बसत नव्हती म्हणे.

मग दुकानात इनायतभाई एकटे उरले. वर लोडशेडिंग. संध्याकाळी दिवे जायचे, ते जेवणं होऊन जायची तरी यायचे नाहीत. मी कंदील लावून वाचत बसायचे. इनायतभाई नुसते बसायचे. समोरून ते मला दिसायचे नाहीत, पण तिथे बसलेत हे कळायचं, मधूनमधून खोकायचे.

त्यात शुक्रवार यायचा. सरफराजला शुक्रवारी सुट्टी, दुपारची नमाज झाली की तो फोन करायचा. जन्मभर पिंजण यंत्राच्या घरघरीत बसून इनायतभाईंचे कान गेलेले, त्यामुळे फोन मोठ्या आवाजावर लावलेला. सगळ्या गल्लीला ऐकू यायचा.

"अब्बा, कैसे हो?"

"अच्छा हूं. तू?"

"अच्छा. खाना खाये?"

"खाया. तू?"

"खाया."

मग दोघंही गप्प. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले नत्थुजी एकदा ओरडले, "अरे बोला ना काई! तिकून पैसे लागून राह्यले पोट्ट्याचे!" त्यावर फोनमधून सरफराजच हसला होता. पण बोलायला खरोखर काही नव्हतं. रजियाबी असताना त्याच बोलायच्या, हे दोघं ऐकायचे. आता दोन ऐकणारे तेवढे राहिले होते.

अशात बडनेऱ्याचा कुणी मुलगा सुट्टीवर आला आणि सरफराजनं पाठवलेलं ते यंत्र देऊन गेला. काळं, गुळगुळीत, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. खेळायचं यंत्र, पण मागचं झाकण उघडून करंड्याच्या झाकणाएवढी एक चकती आत घातली की सिनेमा चालू. बॅटरीवर चालतं, म्हणजे दिवे गेले तरी चालतं. सरफराजनं फोनवर सांगितलं, "अब्बा, मेरे पास दुसरा है. ये तुम रखो. मैं पिच्चर देख लेता, फिर वोच चकती तुमको भेजता."

इनायतभाईंनी त्याला डब्बी हे नाव दिलं आणि ती घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, हे इंग्रजी हाये. मले काय समजते?"

"मग पाहू नका."

"पोट्ट्यानं पाहिला हाये न तो. शुक्रवारी इचारन."

म्हणून मी रोज संध्याकाळी दिवे गेले की त्यांच्या फळीवर जाऊन बसायला लागले. डब्बीचा आवाज त्यांना पुरेना, तेव्हा कानात घालायची वायर आणली. तिची दोन टोकं. एक त्यांच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, त्यामुळे दोन म्हाताऱ्यांची डोकी जवळजवळ. नत्थुजी दुकानाचं शटर ओढता ओढता म्हणाले, "बाई, कोणाचा जबाब लिहून घेऊन राह्यल्या?"

"तुमचाच. गप्प बसा."

पहिला सिनेमा एका ट्रक ड्रायव्हरचा होता. बर्फाच्या मुलखात तो घरी निघालेला असतो. वाटेत रस्ते बंद होतात, माणसं भेटतात, डिझेल संपतं, आणि शेवटी घराच्या अलीकडे कुठेतरी ट्रक रुततो. तो काच पुसत बसतो, बर्फ काचेवर चढत जातं आणि पडद्यावर शेवटची नावं सुरू होतात. मी इनायतभाईंना थोडक्यात सांगत होते. थोडक्यात सांगणं हा माझा स्वभाव. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग?"

"मग काही नाही. संपला."

"घरी?"

"नाही पोचत. मरतो, असं समजायचं."

त्यांनी डब्बी उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला आणखी थोडा सिनेमा असावा.

शुक्रवारी फोन आला आणि मी माझ्या ओट्यावरून ऐकलं, इनायतभाई बोलत होते! बर्फ कसं होतं, ट्रक कसा घसरला, चहा देणारी ती बाई कशी रजियाबीसारखी हात पुसत होती. सरफराज "हां अब्बा, हां, वोच" म्हणत होता. पहिल्यांदाच गप्पा रंगल्या. शेवटी इनायतभाई म्हणाले, "और आखिर में पहुंच गया घर को. मां ने दरवाजा खोला."

मी ओट्यावरून हातानं नाही नाही अशी खूण केली. इनायतभाईंनी मला दुसऱ्या हातानं गप्प बसवलं. फोनमधून सरफराज म्हणाला, "हां अब्बा. बढिया था वो सीन."

तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं, बापाचं मन मोडू नये म्हणून म्हणाला असेल.

पुढे वर्षभर चकत्या येत राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानातून एक, कधी दोन. सगळे इंग्रजी सिनेमे. काही बरे, बरेच टाकाऊ. मी सांगायचे, "त्याला म्हणा, पैसे पाण्यात घालू नकोस. त्याच पैशांत तिकिटाची सोय होईल." इनायतभाई हे कधीच फोनवर बोलले नाहीत. चकत्या त्यांनी एका उशीच्या खोळीत ठेवल्या होत्या. सिनेमा पाहून झाला की दोन दिवस टाके घालताना मनात जुळवत बसायचे, शुक्रवारी काय सांगायचं ते. मागणी आली की टाके, नाही तर जुनाच तुकडा उसवून पुन्हा शिवायचे. हात चालू राहिला पाहिजे म्हणायचे.

एका उन्हाळ्यात अकोल्याचा धर्मपाल आला. सरफराजच्याच खोलीत राहणारा, त्याच कंपनीत वायरमन. अमरावतीला मावशीकडे लग्नाला आला होता, तेव्हा चकती देऊन गेला. वेष्टणावर गोठलेल्या तळ्याचं चित्र, मधे एक घोडा आणि त्याच्या मानेला मिठी मारलेला माणूस. इनायतभाई खूश. "घोडा हाये म्हणजे चांगला असन."

संध्याकाळी चकती घातली. पडद्यावर सिनेमा काही येईना, इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी वाचल्या. ही चकती या यंत्राच्या मुलखासाठी नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे जगाचे तुकडे पाडलेत या लोकांनी. एका तुकड्यात विकलेला सिनेमा दुसऱ्या तुकड्यातल्या यंत्रात चालत नाही. ही चकती अमेरिकेकडची दिसते. तुमची डब्बी दुबईची."

"असं कावून करते कोणी?"

"धंदा."

त्यांनी जुनी ट्रकवाली चकती घातली. चालली. घोड्याची घातली, पुन्हा त्याच दोन ओळी.  मी निघाले तेव्हा म्हणाले, "पोट्ट्यानं कशी पाहिली मंग?"

"त्याची डब्बी अमेरिकेची असेल."

"असन," ते म्हणाले.

शुक्रवारी मी मुद्दाम ओट्यावर बसून राहिले.

"अब्बा, घोडेवाला देखे?"

"देखा ना."

"कैसा लगा?"

"अच्छा था. घोडा अच्छा दौडा."

"हां! बरफ पे. मेरे को बी वोच अच्छा लगा. और वो आदमी..."

"गले मिला घोडे को."

"हां, गले मिला."

दोघंही वेष्टणावरचं चित्र एकमेकांना सांगत होते. त्यापलीकडे एक शब्द नाही. फोन ठेवल्यावर मी रस्ता ओलांडून गेले आणि विचारलं, "खोटं का बोललात?"

"मी खोटा बोललो नसतो तं तो बोलायचा बंद पडला असता," ते म्हणाले. "आन् तो खोटा बोलून राह्यला का नाई, हे मले मालूम नाई."

मला अशी अर्धवट गोष्ट सहन होत नाही. धर्मपाल अजून अकोल्यात होता. पुढच्या आठवड्यात परत जाणार होता. मी म्हटलं, चला, विचारून येऊ. इनायतभाई नको नको म्हणत होते, पण सकाळी आंघोळ करून, टोपी घालून तेच आधी तयार. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. खिडकीबाहेर पऱ्हाटीची उभी वाळली धसकटं, मैलोगणती. इनायतभाई त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "एवढी रुई निघते इथून, आन् आमच्या दुकानात मागणी नाई."  

धर्मपालचं घर जुन्या शहराकडे. त्यानं खुर्च्या मांडल्या, आईला चहा टाकायला सांगितलं. इनायतभाई विचारीनात. मग मीच विचारलं, सरफराजकडची डब्बी कुठची आहे?

"कोणती डब्बी?"

"सिनेमा पाहायची."

धर्मपाल हसला. "बाई, त्याच्याजोळ कुठची आली? एकच होती. पहिल्या वर्षी घेतली होती त्यानं, हप्त्यानं. झोपताना तोंडासमोर धरून पडून राहे. मंग इकडे लाईट नसते, चाची बी गेली, अब्बा अंधारात बसते, असं समजलं तं देली पाठवून."

"आणि चकत्या?"

"जुन्या बाजारातून उचलते. वरचं चित्र पाहून. आमी म्हणतो, अबे येड्या, तुह्याजोळ मशीन नाई, तू कायले घेतं? तं म्हणते, अब्बा देखते. शुक्रवारी फोनवर अब्बा लय बोलते म्हणे. अख्खी गोष्ट सांगते. तो हां हां करते न मंग आमाले येऊन सांगते. आमच्या खोलीतल्या साऱ्यायले तुमचे पिच्चर मालूम हायेत, चाचा. तो ट्रकवाला तं लयच मस्त. घरी पोचते तो."

इनायतभाईंनी बशीतला चहा बशीतच ठेवला.

"आता झोपताना काय करते तो?" त्यांनी विचारलं.

"काय करन? भितीकडे तोंड करून पडते. थंडी लय वाजते त्याले."

"दुबईत थंडी?" मी म्हटलं.

"एसी बाई. कंपनीचा. आमच्या हातात नाई बंद करणं. एका चादरीवर काढतो आमी."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मी म्हटलं, उघड झालं एकदाचं, बरं झालं. आता दोघांनी सरळ बोलावं, पैसे वाचवावेत, तिकीट काढावं. बोरगाव आलं, मूर्तिजापूर आलं. बडनेरा जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, त्याले समजू द्यायचं नाई, का मले समजलं. नाई तं शरमन. फोनच करणार नाई."

"मग करायचं काय?"

"डब्बी वापस पाठवतो. डोळे गेले म्हणतो माहे. बारीक दिसत नाई म्हणतो."

"आणि तुम्ही अंधारात काय करणार?"

"पहिले काय करत होतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून घरघर ऐकू आली. पिंजण यंत्र चालू होतं. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी मागचा कोपरा झाडून काढला होता. चांगली लांब धाग्याची रुई होती त्यांच्याकडे, रजियाबींनी कधीतरी मुलाच्या लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवलेली. तिची एक रजई भरली, पातळ, सामानात बसेल अशी. टाके इतके जवळजवळ, की दोन दिवस पाठ वर केली नाही. आणि मधोमध रुईच्या दोन थरांत डब्बी आणि चकत्या ठेवून वरून शिवून टाकलं.

मी कपाळावर हात मारला. "अहो, विमानतळावर यंत्रातून सामान जातं. आत काळा ठोकळा दिसला की फाडतील. वेगळी द्या धर्मपालच्या हातात."

"फुटन न. रुईत काईच फुटत नाई."

"फाडतील म्हणते मी!"

"फाडू द्या. पोट्ट्याले टाका येते."

धर्मपाल येऊन रजई घेऊन गेला. इनायतभाईंनी त्याला बजावलं, उसवायची असेल तर सरफराजनंच उसवायची, मालक तो. त्या बिचाऱ्यानं हो म्हटलं. मग विमानतळावर व्हायचं तेच झालं. सरफराजनं पुढच्या शुक्रवारी सांगितलं, "अब्बा, धर्मपाल पूरा रुई में नहाके आया! पुलिस ने बीच में से फाड डाला. मिशी में भी रुई." नत्थुजींसकट सगळी गल्ली हसली.

"डब्बी?"

"एकदम सही है. अब्बा, लेकिन काहे को भेजे? तुम क्या देखोगे?"

"आंखां कमजोर हो गये रे. बारीक नहीं दिखता. तू देख. मेरे को सुना."

 मग सरफराज म्हणाला, "रजई मैंने सी ली."

"टाका कैसा डाला?"

"अम्मी डालती वैसा."

त्यानंतर शुक्रवार उलटे झाले. सरफराज सांगायचा आणि इनायतभाई "हां, हां, वोच" म्हणायचे. माझं संध्याकाळचं काम संपलं होतं. मी आपला कंदील घेऊन घरी वाचत बसायला लागले. समोर पुन्हा अंधार आणि मधूनमधून खोकला. एक-दोनदा मी म्हटलं, या इकडे, उजेड आहे. ते म्हणाले, "नको बाई, तुमी वाचत राहा."

घोड्याची चकती तिकडेही चालली नाही, हे उघडच होतं. पण तिच्याबद्दल कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

आणि एका शुक्रवारी सरफराजचा आवाज वेगळा आला. मी ओट्यावर डाळ निवडत होते. तो म्हणाला, "अब्बा, वो ट्रकवाला देखा आज."

इनायतभाईंच्या हातातली सुई थांबली.

"अब्बा, वो तो घर पहुंचता ही नहीं."

"नहीं?"

"नहीं. गाडी में ही रह जाता. बरफ आ जाती कांच पे. दरवाजा-वरवाजा कुछ नहीं है, अब्बा. दो बार देखा मैंने."

मला वाटलं, आता इनायतभाई म्हणतील, बाईंनी चुकीचं सांगितलं. म्हणाले असते तर मी भांडले असते. नत्थुजीही भांडी पुसायचे थांबले. इनायतभाईंनी फोन तोंडाजवळ घेतला, मोठ्या आवाजावर आहे हे विसरून.

"मैं देखा तब तो पहुंचा था," ते म्हणाले.

पलीकडे एसीची घरघर ऐकू येत होती. आपल्या पिंजण यंत्रासारखीच, जरा बारीक.

"हां अब्बा," सरफराज म्हणाला. "पहुंचा होगा."

त्यानं खाना खाये का विचारलं. खाया, हे म्हणाले. फोन बंद झाला. इनायतभाईंनी तो पुसून खिशात ठेवला, सुई उचलली आणि ओवायला लागले. भर दुपारचं ऊन होतं, तरी धागा काही केल्या भोकात जाईना. मी डाळीचं सूप खाली ठेवलं, रस्ता ओलांडला आणि सुई त्यांच्या हातातून घेतली.

"डोळे गेले हे खोटं होतं ना?" मी विचारलं.

"तवा होतं," ते म्हणाले.